मुलंबाळं, सासूबाई आणि पॉम्पेई

मैत्रिणींनो, परदेशप्रवास म्हटला की डोळ्यांपुढे काय येतं? बर्फाचे डोंगर, चकचकीत दुकानं आणि परतताना फुगलेल्या बॅगा. मुलं लहान असली तर पाळण्यांचं आणि घसरगुंड्यांचं एखादं मोठं उद्यान हवंच. त्यामुळे दिवाळीच्या सुटीत नऊ वर्षांची लेक, सहा वर्षांचा मुलगा आणि एकोणसत्तर वर्षांच्या सासूबाई असा लवाजमा घेऊन आम्ही इटलीत चार दिवस नुसती पडकी घरं बघत हिंडलो, असं मी सांगते तेव्हा ऐकणारीच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य उमटतं, मग कीव. “मुलं कंटाळली नाहीत का हो?” हा पहिला प्रश्न आणि “सासूबाईंना कशाला नेलंत एवढ्या लांब?” हा दुसरा. दोन्हींची उत्तरं नीट द्यावीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी माहिती. पॉम्पेई हे गाव नेपल्स शहराजवळ, व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. इ. स. ७९ मध्ये हा डोंगर फुटला आणि दोन दिवसांत अख्खं गाव राख आणि सच्छिद्र दगडांच्या जाड थराखाली गाडलं गेलं. आपल्याकडे सातवाहनांचं राज्य होतं, तो हा काळ. १७४८ साली इथे खोदकाम सुरू झालं, ते अजून चालू आहे. गावाचा विस्तार सुमारे ६६ हेक्टर, म्हणजे एकशे साठ एकरांच्याही वर. त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग अजून मातीखालीच आहे. पूर्वी सगळी पुस्तकं या घटनेची तारीख २४ ऑगस्ट अशी देत. पण २०१८ साली तिथल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबर ही तारीख सापडली. कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही. त्यामुळे आता बऱ्याच अभ्यासकांचा कल ऑक्टोबरकडे आहे. म्हणजे आम्ही गेलो तेच दिवस म्हणायचे!

आता मुलं का कंटाळली नाहीत, ते सांगते. कुठल्याही जुन्या ठिकाणी उरतात ती देवळं, किल्ले, राजवाडे. ते बघताना मुलं दहा मिनिटांत “आई, पाणी” करायला लागतात. साध्यासुध्या माणसांची घरं काळाच्या ओघात टिकतच नाहीत. पॉम्पेईत मात्र सगळा बाजार, गल्लीबोळ, नळकोंडाळी, खानावळी जशाच्या तशा सापडल्या. राजाराणी कुणी नाही, आपल्यासारखीच माणसं! मुलांना हे लगेच आपलंसं वाटतं.

रस्त्यांचंच बघा. दोन्ही बाजूंना उंच फुटपाथ आणि मध्ये खोलगट रस्ता. त्यातून पावसाचं, सांडपाण्याचं पाणी वाहायचं. पलीकडे जायचं तर पाय भिजू नयेत म्हणून रस्त्यात मोठमोठे उंच दगड बसवले आहेत. दगडांच्या मधल्या फटींतून गाड्यांची चाकं जायची. त्या चाकांच्या खोल चाकोऱ्या फरसबंदीत आजही दिसतात. आमचा धाकटा त्या दगडांवरून किती वेळा इकडून तिकडे गेला, ते देवच जाणे! कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी हौद आहेत, अशी चाळीसच्या वर सार्वजनिक कारंजी गावात होती. पाणी ज्या दगडी मुखवट्याच्या तोंडातून पडे, त्याच्या बाजूचा काठ माणसांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झाला आहे. पाणी प्यायला वाकताना प्रत्येकजण तिथेच हात टेकवणार ना! धाकट्याने त्या खोलगट जागी आपला हात ठेवला आणि म्हणाला, “आई, बरोब्बर बसला.”

थोरलीला अक्षरांचं वेड. तिला भिंती आवडल्या. निवडणुकीचे उमेदवार, ‘अमक्याला निवडून द्या’ असा मजकूर, शिवाय येणाऱ्याजाणाऱ्यांनी खरडलेली नावं आणि टवाळी, सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं! “म्हणजे भिंतीवर लिहिलं तर इतिहास होतो?” असं तिने विचारलं. त्यावर ह्यांनी घाईघाईने विषय बदलला. एका घराच्या उंबऱ्यात रंगीत खड्यांनी साखळीतला काळा कुत्रा काढला आहे आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘कुत्र्यापासून सावध राहा’. आमच्या सोसायटीतल्या पाटीची आठवण होऊन दोघं खोखो हसली.

पण खरी वाटाडी निघाली आमच्या सासूबाईच. पावाच्या भट्टीत शिरलो मात्र, त्या थबकल्याच. “अगं, हे तर जातंच की!” अंगणात काळ्या ज्वालामुखी दगडाची कंबरेएवढी जाती उभी होती. खाली शंकूसारखा दगड आणि वर डमरूच्या आकाराचा पोकळ दगड. वरून गहू ओतायचे आणि गाढवाला जुंपून वरचा दगड फिरवायचा. मार्गदर्शक पुस्तिकेत चार ओळी होत्या. सासूबाईंनी त्या अंगणात उभं राहून नातवंडांना वैरण कशी घालायची, पीठ भरड आलं तर काय समजायचं आणि त्यांच्या लहानपणी पहाटे कोण दळायचं, ते सारं सांगितलं. शेजारून चाललेल्या एका परदेशी कुटुंबातली मुलंही त्यांचे हातवारे बघत उभी राहिली.

१८६२ साली अशाच एका भट्टीत ८१ पाव सापडले. आत भाजायला ठेवले होते, तेवढ्यात डोंगर फुटला. असे पाव नेपल्सच्या संग्रहालयात ठेवले आहेत. गोल, वर आठ भागांच्या खुणा, कोळशासारखे काळेकुट्ट. धाकट्याचा शेरा, “आई, तुझीपण अशीच होते कधीकधी.” घ्या!

स्वयंपाकघरं मात्र अगदी लहान. भिंतीला लागून बांधीव ओटा, त्यावर निखारे पसरून तिवईवर भांडं ठेवायचं, म्हणजे स्वयंपाक उभ्यानेच. सासूबाई म्हणाल्या, “बघ, दोन हजार वर्षांपूर्वी यांच्याकडे ओटा होता. मला तो लग्नानंतर चौदा वर्षांनी मिळाला!” हे मी हसण्यावारी नेलं, पण त्या हसत नव्हत्या. पुढे दिसलं की पुष्कळ घरांत संडास स्वयंपाकघरालाच लागून आहे. मग मात्र त्यांनी पदर नाकाला लावला. जणू अजून वास येतोय! धोब्याच्या दुकानात तर आणखी गंमत. तिथे कपडे धुवायला मूत्र वापरत. त्यात तयार होणाऱ्या अमोनियामुळे तेलकट मळ निघतो. आपल्या साप्ताहिकातल्या डाग काढण्याच्या सदराला हा उपाय कुणी कळवू नका म्हणजे झालं.

आणि देव्हारे! घरोघरी गृहदेवतांचा कोनाडा असे. जानेवारी २०२३ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा खुलं झालेलं वेत्ती बंधूंचं घर जरूर बघा. तिथल्या देव्हाऱ्यात मधोमध घरधनी, दोन बाजूंना नाचणारे देव आणि खाली सरपटणारा मोठा नाग आहे. वास्तूचं रक्षण करणारा म्हणून त्याला नैवेद्य दाखवत. सासूबाईंनी काही विचारलं नाही, बोलल्या नाहीत. हात जोडून नमस्कार केला आणि पुढे गेल्या.

खाण्याचं म्हणाल तर आजची इटली टोमॅटोवाचून चालत नाही, पण पॉम्पेईच्या गृहिणीने टोमॅटो पाहिलाही नव्हता. टोमॅटो अमेरिकेतून आला, तो पंधराशे वर्षांनंतर. आपली मिरचीही तिथलीच! तोपर्यंत आपल्याकडे तिखटपणा यायचा मिऱ्यांतून, आणि केरळची तीच मिरी जहाजांनी रोमनांच्या स्वयंपाकघरात जायची. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने तक्रार लिहून ठेवली आहे की हिंदुस्थानचा माल घेण्यात साम्राज्याचे दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, जातात. हाच प्लिनी व्हेसूव्हियस फुटला तेव्हा जहाजं घेऊन लोकांना वाचवायला गेला आणि त्यातच वारला. त्याचा सतरा वर्षांचा भाचा मागे राहिला. त्याने लिहिलेल्या दोन पत्रांमुळे त्या दिवसाचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन आपल्याला मिळालं.

त्या हिंदुस्थानी मालाची एक खूण आम्हाला नेपल्सच्या संग्रहालयात भेटली. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची वीतभर उंचीची स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर बांगड्या, पैंजण, मेखला, दोन बाजूंना दोन लहान दासी. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात. काही अभ्यासकांच्या मते ती यक्षी आहे. वरून आरपार भोक आहे, म्हणजे आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या फर्निचरचा भाग. आता खरी गोष्ट ऐका. अशाच धर्तीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यात तेरला सापडल्या आहेत. त्यामुळे पॉम्पेईची लक्ष्मीही आपल्याच मुलखातून गेली असावी, असं काही जाणकार मानतात. सासूबाईंचं माहेर जालन्याचं! मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्या काचेला नाक लावून किती वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “भोकरदनला आम्ही लग्नाला जायचो. धुळीचं गाव म्हणायचो गं.”

आता थोडं अवघड बोलायचं आहे. पॉम्पेई म्हणजे गंमतजंमत नव्हे. तिथे माणसं मेली. त्यांच्या शरीरांभोवती राख घट्ट झाली, आतलं शरीर विरून गेलं आणि राखेत पोकळी उरली. १८६३ साली जुझेप्पे फिओरेल्ली या उत्खनन-प्रमुखाने त्या पोकळ्यांत प्लॅस्टर ओतायची युक्ती काढली. प्लॅस्टर वाळल्यावर भोवतालची राख काढली, तर माणसांचे ठसे मिळाले, शेवटच्या क्षणी होते तसेच. असे शंभराहून जास्त ठसे आहेत. ते सहा वर्षांच्या मुलाला दाखवायचे का?

आमच्या घरात हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. वर्षापूर्वी मामंजी गेले. धाकट्याचा आजोबांवर फार जीव. ‘आजोबा देवाघरी गेले’ एवढंच त्याला सांगितलेलं. त्यानंतर तो रात्री दिवा मालवू देईना. आजोबांचं नाव निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जायचा. सासूबाईही त्या रात्रीबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. हे म्हणाले, “नको, मुलाला स्वप्नं पडतील.” माझं म्हणणं होतं की त्याला विचारू. शेवटी मी पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं. पहिला प्रश्न, “ही भुतं आहेत?” मी म्हटलं, “नाही रे. गणपतीच्या कारखान्यात साचा पाहिलास ना? राखेचा साचा झाला, त्यात प्लॅस्टर ओतलं.” थोडा विचार करून म्हणाला, “मग बघतो. पण आजीचा हात धरून.”

‘पळालेल्यांची बाग’ असं नाव असलेली जागा गावाच्या कडेला आहे. द्राक्षवेलींच्या त्या मळ्यात १९६१ साली १३ जणांच्या खुणा सापडल्या, मोठी माणसं आणि मुलंही. गावाबाहेर पडायला निघालेली, तिथेच राहिली. आता ते ठसे काचेमागे ओळीने आहेत. आम्ही गेलो तेव्हा फारसं कुणी नव्हतं. धाकट्याने लहान लहान मोजले. मग आजीकडे वळून म्हणाला, “यांना दुखलं का गं? आजोबांसारखं?”

मला काही सुचेना. हे दुसरीकडे बघू लागले. सासूबाई कडेच्या बाकावर टेकल्या, त्याला जवळ घेतलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, “थोडा वेळ दुखलं असेल. मग थांबलं. आजोबांचंही थांबलं. मी हात धरून बसले होते ना, मला कळलं.”

“कुठला हात?”

“हा, उजवा.”

त्याने तो हात उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाला, “आजी, भूक लागली.” आणि आम्ही खानावळीकडे निघालो.

संध्याकाळी मुलं झोपल्यावर मी सासूबाईंना एक बातमी वाचून दाखवली. पॉम्पेईच्या एका घरात सोन्याचं कडं घातलेल्या एका व्यक्तीचा ठसा सापडला होता, कडेवर मूल घेतलेला. कडं आणि मूल बघून सगळ्यांनी ठरवून टाकलं, ही आई आणि तिचं लेकरू. २०२४ साली शास्त्रज्ञांनी ठशांतल्या हाडांचा डीएनए तपासला. ती आई नव्हतीच, पुरुष होता! आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातंही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “मग काय झालं? जवळ होतं त्याला उचललं.” आणि मग, वर्षभरात पहिल्यांदा, त्या रात्रीबद्दल उशिरापर्यंत बोलत बसल्या.

घरी आल्यावर जादू झाली, असं मी म्हणणार नाही. धाकट्याला दिवा अजून लागतोच. पण आता तो आजोबांच्या गोष्टी मागतो आणि आजी सांगते. तुमचं मूल फार हळवं असेल तर ही जागा टाळायला काहीच हरकत नाही. बाकी गाव बघायला दिवस पुरत नाही. मात्र न्यायचं असेल तर आधी चित्र दाखवा, त्याला विचारा आणि उत्तर द्यायला जवळ कुणीतरी असू द्या.

जाणार असाल तर काही अनुभवाचे बोल :

वेळ – उन्हाळ्यात तिथे सावली औषधालाही मिळत नाही. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. सकाळी दार उघडताना आत शिरा.

तिकिटं – नोव्हेंबर २०२४ पासून रोज २०,००० जणांनाच प्रवेश आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून आधी काढून ठेवा. अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश फुकट, पण वयाचा पुरावा जवळ हवा.

सामान – ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. बाबागाडीचे दगडी रस्त्यांवर हाल होतात. तान्हं असेल तर अंगाशी बांधायची झोळी घ्या. पिण्याच्या पाण्याचे नळ आत आहेत, बाटली भरून घ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चढउतार कमी केलेला खास मार्ग आहे. सासूबाई बराचसा वेळ त्यावरूनच चालल्या.

खाऊ – युरोपात बाहेरून दूध, खवा, पनीर नेऊ देत नाहीत, तेव्हा पेढेबर्फी घरीच ठेवा. खाकरे, चुरमुऱ्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चिक्की उत्तम. शाकाहाऱ्यांनी नेपल्सचा ‘मरिनारा’ पिझ्झा मागावा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, बस्स! चीजसुद्धा नाही. सासूबाईंनी त्यावर घरची चटणी भुरभुरली, ते वेगळं.

मुलांसाठी – एका दिवसात अडीच-तीन तासांवर ताणू नका. आम्ही दोन दिवस पॉम्पेई, एक दिवस संग्रहालय आणि एक दिवस हर्क्युलेनियम असं केलं. हर्क्युलेनियम हे त्याच ज्वालामुखीने गाडलेलं धाकटं गाव. आटोपशीर आहे, लाकडाच्या तुळया-दारंसुद्धा कोळसा होऊन टिकली आहेत. एकच दिवस असेल आणि मुलं फार लहान असतील तर तेच बघा. निघण्यापूर्वी मुलांना शोधायची यादी द्या : एक कुत्रा, दोन नाग, तीन भट्ट्या, पाच नळाचे मुखवटे. आणि चित्रं काढायला वही द्या. फोटोपेक्षा वहीत जास्त उतरतं.

परदेशवारी सगळ्यांनाच परवडेल असं नाही, हे मी जाणते. पण तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. रोमन व्यापाराच्या त्या काळातल्या वस्तू, मणी, मृण्मूर्ती तिथे बघायला मिळतात. येत्या सुटीत आम्ही तिकडेच जाणार आहोत. तुम्हीही मुलांना अशा एखाद्या जवळच्या जागी न्या आणि घरातलं एक वडीलधारं माणूस आग्रहाने बरोबर घ्या. जात्यात वैरण कशी घालतात, हे पुस्तकातल्या चार ओळींत काही कळत नाही.